लिंक्डइनवर गिऱ्हाईक शोधताना: हाताने लिहायचं की टूल लावायचं?

भोसरी_सेक्टर_७ (धागाकर्ता)

प्रश्न नेमका मांडतो, म्हणजे उत्तरं मोघम येणार नाहीत.

युनिट मशीनिंगचं, मध्यम. सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारं लेथचं काम), तीन व्हीएमसी, एक एचएमसी (उभ्या आणि आडव्या स्पिंडलची मशीनिंग सेंटरं), तपासणीला सीएमएम (मापं घेणारं यंत्र). गिऱ्हाईक दोन जातींचं हवंय. एक, चाकण-रांजणगाव-तळेगाव पट्ट्यातले सोर्सिंग आणि व्हेंडर डेव्हलपमेंटवाले, म्हणजे पुरवठादार शोधणारे आणि उभे करणारे. दोन, जर्मनीत मशीन बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपन्यांचे खरेदीप्रमुख. विक्रीला माणूस एक, तोही अर्धाच दिवस.

बाजारात टूलं आहेत. यादी दिली की टूल प्रोफाइल उघडतं, रिक्वेस्ट पाठवतं, स्वीकारली की मेसेज टाकतं, उत्तर नाही आलं तर तीन दिवसांनी दुसरा, आठवड्याने तिसरा. विकणारा म्हणतो, झोपेत लीड (शक्य गिऱ्हाइकं) येतील. घ्यावं का? घेतलं तर काय बिघडतं? नाही घेतलं तर अर्ध्या दिवसात हाताने किती होतं? तत्त्वज्ञान नको, आकडे आणि रीत सांगा.

---

खटपट्या

आधी गणित, मग टूल.

लिंक्डइनवर कनेक्शन रिक्वेस्टला आठवड्याची मर्यादा आहे. कंपनी नेमका आकडा छापत नाही, पण २०२१ पासून ती शंभरच्या आसपास लागते असाच धंद्यातला हिशेब आहे. नव्या किंवा थंड पडलेल्या खात्याला त्याहून कमी. आणि ही पट्टी खात्याला आहे, हाताला नाही. बोटाने दाबा की टूलने, शंभरच.

शंभर म्हणजे पाच दिवस रोज वीस. यादी तयार असली तर प्रोफाइल उघडून कनेक्ट दाबायला अर्धं मिनिट लागतं. वीसाला दहा मिनिटं. टूल तुमची रोजची ही दहा मिनिटं वाचवतं, आणि त्याचे तुम्ही महिन्याला काही हजार मोजता. चहाला यापेक्षा जास्त वेळ जातो.

खरा वेळ जातो तो "या माणसाला आजच का लिहायचं" हे शोधण्यात. माणशी सहा ते आठ मिनिटं. वीस जणांना दोन ते अडीच तास. हे काम टूल करत नाही, सरळ गाळून टाकतं. म्हणून ते जलद वाटतं.

अर्ध्या दिवसाचं बोलायचं तर चार तास धरा. दीड तासात बारा माणसांचं निमित्त शोधणं आणि रिक्वेस्ट. एक तास आधी स्वीकारलेल्यांना पहिला मेसेज. अर्धा तास आलेल्या उत्तरांना. उरलेला तास ईमेल, कोटेशन, फोन. आठवड्याला साठ रिक्वेस्ट झाल्या. शंभराची मर्यादा तुम्हाला आडवीच येत नाही, मग ती ओलांडायची युक्ती विकत कशाला घ्यायची?

---

लेथमास्तर

खटपट्यांशी सहमत, पण त्याहून मोठा मुद्दा वेगळा आहे. तळं लहान आहे.

तुमच्या पट्ट्यात मशीन्ड पार्ट बाहेरून घेणाऱ्या, तुमच्या आकाराच्या युनिटला दारात उभं करतील अशा कंपन्यांची यादी करा. प्रत्येकीत कास्टिंग-मशीनिंग कमोडिटी (खरेदीचा गट) बघणारी दोन, फार तर तीन माणसं. मोजून काही शे नावं होतील. टूलने हे तळं दीड महिन्यात उपसून होतं. ज्याने "इग्नोर" दाबलं तो गेला. पुढे त्याला "या व्यक्तीला मी ओळखत नाही" असाही पर्याय येतो. तो पुरेशा लोकांनी दाबला की तुमच्या खात्यावर निर्बंध, आणि काही वेळा रिक्वेस्ट पाठवताना समोरच्याचा ईमेल टाकल्याशिवाय ती जातच नाही.

दुसरं, ही माणसं कंपन्या बदलतात. आज चाकणला असलेला सोर्सिंगवाला उद्या रांजणगावला असतो. एकदा वाईट ओळख झाली की ती त्याच्याबरोबर दोन्ही ठिकाणी राहते.

---

रेवती_एससीएम

खरेदीच्या बाजूने काय दिसतं ते लिहिते. टूलने आलेला मेसेज ओळखायला दोन सेकंद पुरतात. खुणा ठरलेल्या आहेत:

नाव. आपल्याकडे अर्धे लोक पहिल्या नावाच्या खान्यात आद्याक्षरं टाकतात, कोणी "सीए" किंवा "डॉ." लावतं, कोणी इमोजी. टूल तो खाना जसाच्या तसा उचलतं. "हाय एस. व्ही." असा मेसेज माणूस लिहीत नाही.

कंपनीचं नाव. "अमुक प्रिसिजन कॉम्पोनंट्स प्रायव्हेट लिमिटेड, पूर्वीची तमुक" हे सगळं वाक्यात येतं. माणूस फक्त "अमुक" लिहितो.

हुद्दा. "सीनियर मॅनेजर - एससीएम | बीओपी | कॉस्ट रिडक्शन म्हणून आपलं काम प्रेरणादायी वाटलं." हेडलाइन, म्हणजे नावाखालची ओळ, उचलून वाक्यात कोंबली की असं होतं. (एससीएम म्हणजे पुरवठासाखळी, बीओपी म्हणजे बाहेरून तयार घेतलेले पार्ट.)

सर्वात वाईट म्हणजे फॉलोअप. ईमेलवर उत्तर दिलेलं असतं, फोन झालेला असतो, आणि लिंक्डइनवर "माझा आधीचा मेसेज बघितलात का?" येतो. टूलला फक्त लिंक्डइनचा इनबॉक्स दिसतो, बाकी जग दिसत नाही. पुरवठादाराकडे आत ताळमेळ नाही असाच अर्थ निघतो. जो मेसेज सांभाळू शकत नाही तो रिव्हिजन बदललेलं ड्रॉइंग सांभाळेल का, हा विचार खरेदीवाल्याच्या मनात आपसूक येतो. शंका अन्यायकारक असेल, पण ती येतेच.

---

जावास्क्रिप्टचा_जावई

टूल पकडलं कसं जातं, हे थोडक्यात.

दोन जाती आहेत. पहिली ब्राउझर एक्स्टेंशन. ते लिंक्डइनच्या पानात स्वतःचा कोड घुसवतं, बटणं शोधून दाबतं. पानात आलेली परकी वस्तू पानाला तपासता येते, आणि एक्स्टेंशनच्या स्वतःच्या फाइली आहेत का हेही पानाला विचारता येतं. दुसरी जात क्लाउडवरची. तिला तुमचा पासवर्ड किंवा लॉगिनची सेशन कुकी द्यावी लागते. ती कुकी म्हणजे तुमच्या खात्याची किल्ली. ती ज्याच्या हातात, तो तुमच्या नावाने सगळं करू शकतो, जुने मेसेज वाचण्यासकट. शिवाय तुम्ही पुण्यात मोबाइलवर आत असता आणि त्याच वेळी खातं भलत्याच देशातल्या सर्व्हरवरून चालत असतं. हे दिसायला अवघड नाही.

"आमचं टूल माणसासारखं थांबत-थांबत काम करतं" हा दावाही तपासून बघा. दोन क्लिकमध्ये ३० ते ९० सेकंदांची यादृच्छिक विश्रांती टाकली तरी माणूस तसा वागत नाही. माणूस एका प्रोफाइलवर चार मिनिटं थांबतो, मध्येच फीड बघतो, दोन तास गायब होतो.

सापडल्यावर पायऱ्या साधारण अशा: आधी इशारा आणि आपोआप लॉगआउट, मग तात्पुरता निर्बंध, मग ओळखपत्राची मागणी, मग कायमचा निर्बंध. शेवटच्या पायरीला जोडलेली माणसं आणि संभाषणं सगळी जातात. म्हणून टूल लावा न लावा, सेटिंगमधून आपल्या डेटाची प्रत तीन महिन्यांतून एकदा उतरवून ठेवा. कनेक्शनची यादी सीएसव्ही फाइलमध्ये येते.

आणि हो, नियम धूसर नाही. लिंक्डइनच्या वापरकरारात बॉट आणि स्वयंचलित पद्धतीने मेसेज पाठवणं, माणसं जोडणं, माहिती खरवडणं स्पष्ट मनाई आहे. एक खातं दोघांनी वापरणंही.

---

ग्रोथवाला_बाणेर

इथे सगळे एकाच सुरात बोलतायत म्हणून उलटी बाजू मांडतो.

तुमचं तळं लहान आहे म्हणून हात चालतो. अमेरिकेतल्या छोट्या दवाखान्यांना अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या पुण्यातल्या कंपनीचं काय? हजारो शक्य गिऱ्हाइकं, प्रत्येकाकडून महिन्याला थोडेसे डॉलर. तिथे माणशी आठ मिनिटं निमित्त शोधणं परवडतच नाही. ऑटोमेशन हवंच. फक्त ते लिंक्डइनवर नको, ईमेलवर.

त्याचीही रीत आहे. मुख्य डोमेनवरून पाठवायचं नाही, वेगळं डोमेन घ्यायचं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही लावायचे. नवी मेलपेटी पहिल्या दिवशी पाच-दहा मेलवर ठेवून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवायची, पुढेही एका पेटीतून दिवसाला तीस-चाळीसच्या वर जायचं नाही. २०२४ पासून गूगलने जीमेलवर रोज ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव वगळण्याची सोय सक्तीची केली आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं. म्हणजे हजारात तीन. तुम्ही ५,००० पाठवत नसलात तरी तक्रारीचं प्रमाण तुमच्यावरही चालतंच. शंभर मेलमध्ये एकाने स्पॅम दाबलं तर तुम्ही एक टक्क्यावर.

तेव्हा "ऑटोमेशन वाईट" असं सरसकट म्हणू नका.

---

खटपट्या

@ग्रोथवाला, मान्य. मी सरसकट म्हटलेलं नाही. धागाकर्त्याची एक ऑर्डर काही लाखांची आणि पाच वर्षं चालणारी. माणशी आठ मिनिटं तिथे स्वस्त आहेत. तुमच्या उदाहरणात महाग. गिऱ्हाईक किती रुपयांचं आहे त्यावरून मिनिटं ठरतात.

---

म्युनिकचा_मधू

जर्मनीबद्दल.

पहिलं, शोध इंग्रजी हुद्द्यांवर करू नका. "पर्चेस मॅनेजर" टाकलंत तर निम्मी माणसं निसटतात. हुद्द्यात "आइनकाउफ", "आइनकॉइफर", स्त्री असेल तर "आइनकॉइफरिन", "लायटर आइनकाउफ", कधी "बेशाफुंग" असं लिहिलेलं असतं. सगळे शब्द जर्मन स्पेलिंगसह, "ऑर"ने जोडून एकाच शोधात टाका. "ऑर" आणि "नॉट" इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावे लागतात, नाहीतर ते साधे शब्द समजले जातात.

दुसरं, पहिल्या नावाने हाक नको. अनोळखी खरेदीप्रमुखाला "हॅलो युर्गन" हे तिथे खटकतं. "हेर" किंवा "फ्राउ", मग आडनाव, आणि डॉक्टरेट असेल तर मध्ये "डॉ.". इंग्रजीत लिहिलंत तरी हे पाळा. टूलमध्ये नेमकं पहिलं नावच भरलेलं असतं.

तिसरं, वेळ. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले दीड किंवा अडीच. म्हणजे तुमच्या माणसाने जर्मनीचं काम दुपारी आणि चाकणचं सकाळी करावं, आपोआप जुळतं. ऑगस्ट आणि नाताळ ते ६ जानेवारी नवीन कोणाला लिहू नका. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये शाळांची सुट्टी जुलैअखेर ते साधारण सप्टेंबरचा दुसरा आठवडा, आणि मशीनवाल्या कंपन्यांचा मोठा गठ्ठा तिथेच आहे.

चौथं, मजकुरात विशेषणं नकोत. "वर्ल्ड क्लास क्वालिटी" हे शब्द शून्य किमतीचे. त्याऐवजी किती टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) धरता ते लिहा: ५० मि.मी.च्या बोअरला एच७, म्हणजे शून्य ते अधिक २५ मायक्रॉन, बॅच इतक्या नगांची, सीएमएम रिपोर्ट सोबत. एवढं वाचून समोरचा ठरवतो की बोलायचं की नाही.

---

वकिली_चष्मा

मधूंच्या चार मुद्द्यांना पाचवा जोडतो. जर्मनीत अनुचित स्पर्धेविरुद्धचा कायदा आहे, त्याचं कलम ७. आगाऊ स्पष्ट संमतीशिवाय जाहिरातीचा ईमेल पाठवणं तिथे चालत नाही, कंपनीने कंपनीला पाठवला तरीही. लिंक्डइनचा मेसेजही त्यात मोडतो असं धरूनच चाललेलं बरं. म्हणजे पहिला मेसेज विक्रीपत्र नको. त्याच्या कामाशी जोडलेला प्रश्न हवा, आणि "नको" म्हटल्यावर पूर्णविराम.

युरोपचा जीडीपीआर (वैयक्तिक माहितीचा कायदा) वेगळा. त्यात "कायदेशीर हितसंबंध" या आधारावर धंद्याची माहिती वापरता येते, पण कलम २१ नुसार समोरच्याने थेट विक्रीला हरकत घेतली की लगेच थांबावं लागतं. टूलच्या चार पायऱ्यांच्या साखळीत ती हरकत कोण वाचतं? कोणीच नाही. आणि माहिती कुठून मिळाली हे पहिल्याच संपर्कात सांगायची जबाबदारी कलम १४ मध्ये आहे, म्हणून विकत घेतलेल्या यादीवर मेल मारणं जास्त अडचणीचं.

अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा सैल आहे. आधी संमती लागत नाही, पण टपालाचा पत्ता हवा, विषय खरा हवा, आणि "नाव काढा" म्हटल्यावर कामाच्या दहा दिवसांत काढायला हवं. ग्रोथवाल्यांची रीत म्हणूनच तिथे चालते, म्युनिकमध्ये नाही.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला तो लागू नाही. प्रोफाइलवर स्वतः लिहिलेला हुद्दा त्यात येतो. तिसऱ्याने जमवून विकलेला मोबाइल नंबर त्यात येतो असं समजू नका.

अवांतर: आपोआप आठवणींचा फटका खुद्द लिंक्डइनलाच बसलाय. सदस्यांच्या नावाने त्यांच्या ओळखीच्यांना आमंत्रणाचे मेल जायचे, आणि उत्तर नाही आलं की आणखी दोन आठवणी. पर्किन्स विरुद्ध लिंक्डइन खटल्यात न्यायालयाचा कल असा होता की पहिल्या मेलला सदस्याची संमती होती, आठवणींना नव्हती. २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरला तडजोड झाली. फॉलोअप लोकांना का चावतो याचं याहून बोलकं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

---

पुभाप्र_कर

वाखुसा (वाचनखूण साठवली). वाचतोय.

---

भोसरी_सेक्टर_७ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार, टूल रद्द. आता हाताच्या रीतीकडे. तीन प्रश्न: रिक्वेस्टसोबत नोट लिहायची की कोरी पाठवायची? पैसे देऊन सेल्स नेव्हिगेटर (लिंक्डइनची विक्रेत्यांसाठीची आवृत्ती) घ्यावं का? आणि "निमित्त" शोधायचं म्हणजे नेमकं कुठे बघायचं?

---

लेथमास्तर

नोट: फुकटच्या खात्याला महिन्याला मोजक्याच नोटा मिळतात आणि त्याही २०० अक्षरांच्या. पैसे भरलेल्याला ३००. फुकट खातं असेल तर नोट फक्त ज्यांच्याकडे खरंच ठोस निमित्त आहे त्यांना. बाकीच्यांना कोरी रिक्वेस्ट, आणि सगळी मेहनत स्वीकारल्यानंतरच्या पहिल्या मेसेजवर. जोडलेल्या माणसाला लिहायला नोटेइतकी अक्षरांची कंजुषी नाही.

पण कोरी रिक्वेस्ट गेली की समोरचा तुमच्या प्रोफाइलवर येतो, म्हणून आधी प्रोफाइल. हेडलाइन २२० अक्षरांची असते. "मॅनेजर - मार्केटिंग" हे वाया घालवणं झालं. तिथे "ॲल्युमिनियम आणि एसजी आयर्न हाउसिंगचं मशीनिंग, ४-ॲक्सिस एचएमसी, भोसरी" असं लिहा. वरच्या पट्टीत १५८४ बाय ३९६ पिक्सेलचा फोटो बसतो. तिथे हस्तांदोलन करणारे परदेशी हात नकोत, आपलं शॉप फ्लोअर हवं, झाडून-पुसून.

आणि स्वीकारल्याबरोबर पाच मिनिटांत मेसेज टाकू नका. ती टूलची सवय. दुसऱ्या दिवशी, त्याच्या कामाच्या वेळेत.

---

खटपट्या

सेल्स नेव्हिगेटर: एक महिना फुकट मिळतं, त्या महिन्यात यादी बांधून बघा. फुकटच्या शोधात ठरावीक वापरानंतर "महिन्याची मर्यादा संपली" येतं आणि ती थेट पुढच्या १ तारखेला उघडते. नेव्हिगेटरमध्ये ती अडचण नाही. कामाच्या मुख्य चाळण्या चार: कंपनीची माणसं किती (५१-२००, २०१-५०० असे गट आहेत), भाग, हुद्दा, आणि "गेल्या ३० दिवसांत पोस्ट केली". ही शेवटची फार मोलाची, कारण जो लिंक्डइन उघडतच नाही त्याला लिहून काय उपयोग? "गेल्या ९० दिवसांत नोकरी बदलली" हीसुद्धा वापरा. नवा सोर्सिंगवाला पहिले काही महिने पुरवठादारांची यादी उलटीसुलटी करत असतो. शोध जतन केला की नवीन नावांची सूचना आपोआप येते. हे ऑटोमेशन नियमातलं आहे आणि ते जरूर वापरा.

हुद्द्याचे आपल्याकडचे शब्द: सोर्सिंग, प्रोक्युअरमेंट, एससीएम, व्हेंडर डेव्हलपमेंट, सप्लायर डेव्हलपमेंट, कमोडिटी, बीओपी. नुसतं "पर्चेस" टाकलंत तर स्टोअर्स आणि ऑफिस सामानवाले भरतात.

इनमेल (न जोडलेल्या माणसाला थेट मेसेज): मूळ नेव्हिगेटरमध्ये महिन्याला ५० मिळतात. विषयाला २०० अक्षरं, मजकुराला १,९००. पण ४०० च्या वर जाऊ नका, मोबाइलवर एका पडद्यात मावायला हवं. ९० दिवसांत उत्तर आलं तर इनमेल परत जमा होतं, आणि "नको" हेही उत्तरच. म्हणून हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारा. उत्तर येईपर्यंत त्याच माणसाला दुसरं इनमेल जात नाही, त्यामुळे एकच गोळी आहे असं धरून लिहा. ज्याने ओपन प्रोफाइल (कोणीही लिहावं अशी सेटिंग) चालू ठेवलंय त्याला इनमेल फुकट जातं, ते आधी तपासा.

---

रेवती_एससीएम

निमित्त कुठे बघायचं ते मी सांगते.

कंपनीच्या नोकरीच्या जाहिराती. लोक इथे बघतच नाहीत आणि सगळं इथेच असतं. "सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, डायकास्टिंग" अशी जाहिरात म्हणजे डायकास्टिंगचे पुरवठादार वाढतायत किंवा त्यांच्यात कटकट आहे. दोन्ही तुमच्या कामाचं. "सीएमएम ऑपरेटर, दुसरी पाळी" म्हणजे उत्पादन वाढतंय.

प्रदर्शनं. बेंगळुरूचं इम्टेक्स असो किंवा हॅनोव्हर मेसे, त्याआधी तीन आठवडे लिहा, "भेटू या"साठी. प्रदर्शनानंतरच्या आठवड्यात लिहू नका, तेव्हा सगळ्या जगाचे मेसेज येऊन पडलेले असतात.

त्याची स्वतःची कमेंट. पोस्टपेक्षा कमेंट बघा. पोस्ट पुष्कळदा मार्केटिंगने लिहून दिलेली असते, कमेंट माणूस स्वतः करतो.

न चालणारी निमित्तं: वाढदिवस, नोकरीची पाच वर्षं, "आपण एकाच कॉलेजचे". शेवटचं खरं असलं तरी ते दुसऱ्या वाक्यात यावं.

मेसेज साधारण असा: "नमस्कार सर. रांजणगाव प्लांटसाठी डायकास्टिंगच्या सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची जाहिरात पाहिली. आम्ही भोसरीत डायकास्ट हाउसिंगचं मशीनिंग करतो, ४०० पॅलेटचं एचएमसी, बोअर एच७, महिना दोन हजार नगांपर्यंत मोकळी कपॅसिटी. मशीनिंग कास्टिंगवाल्याकडेच ठेवता की वेगळं देता?" बस. कॅटलॉग नाही, कॅलेंडरची लिंक नाही, "पंधरा मिनिटं द्याल का" नाही. ज्याला उत्तर द्यायला विचार करावा लागत नाही असा एकच प्रश्न.

आणि मराठी नाव दिसलं म्हणून मराठीत लिहू नका. हा मेसेज आवडला तर तो वरच्याकडे किंवा क्वालिटीकडे पुढे पाठवला जातो, आणि तो वाचणारा चेन्नईचा असू शकतो. पहिला इंग्रजीत. फोन झाल्यावर मराठी आपोआप येतं.

---

जावास्क्रिप्टचा_जावई

एआयला मेसेज लिहायला लावणार असाल तर एक पथ्य. निमित्त तुम्ही शोधा, वाक्य त्याला छोटं करायला सांगा. उलटं करू नका. प्रोफाइल चिकटवून "वैयक्तिक मेसेज लिही" म्हटलं की ते तीन वर्षांपूर्वीच्या नोकरीचं कौतुक करतं, किंवा नसलेला प्रकल्प तयार करतं, आणि सुरुवात ठरलेली: "आपला प्रवास पाहून प्रभावित झालो." मसुद्यातल्या प्रत्येक दाव्यापुढे तो जिथे दिसला ते पान उघडून बघा. दिसला नाही तर वाक्य उडवा.

नोंदीला गूगल शीट पुरते. रकाने: नाव, कंपनी, निमित्त, निमित्ताची लिंक, रिक्वेस्टची तारीख, स्वीकारल्याची तारीख, पहिला मेसेज, कुठे उत्तर आलं (लिंक्डइन, ईमेल, फोन), पुढची तारीख. शेवटच्या रकान्याला कंडिशनल फॉरमॅटिंग लावा, तारीख आज किंवा मागची असेल तर पिवळी. सकाळी उघडायची आणि पिवळ्या ओळी संपवायच्या. टूलचं फॉलोअपचं काम एवढंच होतं, फरक इतकाच की इथे पाठवण्याआधी माणूस ओळ वाचतो आणि "फोन झाला" हे त्याला दिसतं.

महिन्याच्या शेवटी पाठवलेल्या रिक्वेस्टच्या यादीत जाऊन चार आठवड्यांहून जुन्या मागे घ्या. मागे घेतलेल्या माणसाला तीन आठवडे परत पाठवता येत नाही, तेव्हा खरंच हवं असलेलं नाव घाईत मागे घेऊ नका.

---

भोसरी_सेक्टर_७ (धागाकर्ता)

फॉलोअप किती वेळा? आणि "कॅटलॉग पाठवा" असं उत्तर आलं तर तो होकार समजायचा की टोलवाटोलवी?

---

रेवती_एससीएम

फॉलोअप दोन, तिसरा नाही. पहिला सात ते दहा दिवसांनी, त्यात नवीन काहीतरी हवं: दुसरं निमित्त, एखाद्या पार्टचा फोटो, नवं मशीन. "आधीचा मेसेज वर आणतोय" यात वाचणाऱ्याला काही मिळत नाही. दुसरा महिन्याने. मग सहा महिने शांत, फक्त त्याच्या पोस्टवर कामाची कमेंट सुचली तर करायची. चाकणवाल्याला दुसऱ्या वेळी व्हॉइस मेसेजही चालतो, तो मोबाइल ॲपवरूनच जातो आणि एक मिनिटाचा असतो. तुम्ही तीस सेकंदांत संपवा. जर्मनीला व्हॉइस नको.

"कॅटलॉग पाठवा" बहुतेक वेळा टोलवाटोलवीच. पण तिला होकारात वळवता येतं. चौदा एमबीची चाळीस पानी पीडीएफ पाठवू नका, कंपनीच्या मेलमध्ये ती अडकते आणि मोबाइलवर उघडत नाही. दोन पानं पाठवा. पहिल्यावर मशीनची यादी, मेक, साइझ, वर्ष, पॅलेट. दुसऱ्यावर सहा पार्टचे फोटो, प्रत्येकाखाली मटेरियल, सर्वात कडक टॉलरन्स आणि महिन्याचे नग. आयएटीएफ १६९४९ (वाहनउद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र) असेल तर सर्टिफिकेटची मुदत कधी संपते तेही. गिऱ्हाइकांचे लोगो लावायचे तर आधी त्यांची परवानगी, नाहीतर एनडीए (गुप्ततेचा करार) मोडलेला पुरवठादार म्हणून तिथेच ओळखले जाल.

मेलच्या शेवटी एकच वाक्य: "एखादं चालू ड्रॉइंग पाठवलंत तर चार दिवसांत किंमत आणि टूलिंगचा खर्च वेगवेगळा कळवतो, एनडीए आधी सही करून देतो." ज्याला गरज आहे तो ड्रॉइंग पाठवतो, पीडीएफ आणि स्टेप फाइल (पार्टचं थ्रीडी मॉडेल). ज्याला नाही तो गप्प बसतो, आणि शीटमध्ये त्याची पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची पडते. ड्रॉइंग आलं की लिंक्डइन बंद, सगळं ईमेलवर. आणि चार दिवस म्हटलंत ना, मग शीटमधली ती ओळ तिसऱ्या दिवशीच पिवळी होईल अशी लावा.